घरी बांधलेल्या विमानातून अलास्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४च्या जूनमध्ये मी आणि बायको आमच्या दोन आसनी विमानातून सिएटलच्या उत्तरेकडच्या आर्लिंग्टनहून निघालो आणि कॅनडामार्गे अलास्काला जाऊन आलो. विमान गॅरेजमध्ये बांधलेलं आहे, आम्हीच. परत आल्यापासून मंडळाच्या गणपतीत, सांगलीच्या घरी फोनवर आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासलेला असतानाही तेच ते प्रश्न आले. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. नियम बदलत असतात. कुणी खरंच निघणार असेल तर माझ्या शब्दावर न जाता ताजे नियम बघूनच निघा.

घरी बांधलेलं म्हणजे नक्की काय? पत्रा आणून ठोकलात?

जवळजवळ तसंच. ऑरेगनमधल्या ऑरोरा गावची व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनी विमानांचे किट विकते. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी ती १९७३ साली सुरू केली आणि आजवर तिच्या किटमधून बांधलेली ११,०००हून जास्त विमानं उडाली आहेत. आमचं मॉडेल आरव्ही-९ए: शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, पुढे चाक, १६० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. अमेरिकेत अशा विमानाला 'एक्स्पेरिमेंटल', म्हणजे प्रायोगिक, वर्गात प्रमाणपत्र मिळतं. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं. बांधणारे याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात.

करमणूक नऊ वर्षं चालली. रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, ठोकायची गन माझ्या हातात, आणि पत्र्याच्या पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायला ही. ठोकळा जरा तिरका झाला की रिवेटचं डोकं वाकडं बसतं. मग ते ड्रिलने काढायचं, आणि काढताना भोक मोठं झालं की दोघांनी पाच मिनिटं काही बोलायचं नाही. मधे आडवा पत्रा असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, हा या कामातला मोठा फायदा.

विमान तयार झाल्यावर लगेच कुणाला बसवता येत नाही. आधी ठरलेल्या परिसरातच चाचणी उड्डाणं करावी लागतात, साधारणपणे २५ किंवा ४० तास. शिवाय आत ठळक अक्षरांत 'एक्स्पेरिमेंटल' लिहावं लागतं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ती पाटी वाचली, त्याचा अर्थ विचारला, आणि तो आम्ही सांगितला तसा सांगायला नको होता.

मार्ग कोणता घेतलात?

आर्लिंग्टनहून सीमेपलीकडचं ॲबट्सफर्ड, तिथे कस्टम्स. मग फ्रेझर नदीच्या दरीतून वर विल्यम्स लेक, प्रिन्स जॉर्ज. पुढे डॉसन क्रीकजवळ अलास्का हायवे गाठला आणि तो सोडला नाही: फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, सीमा ओलांडून नॉर्थवे, मग गल्काना आणि अँकरेज. एका बाजूचं अंतर सुमारे १,५०० सागरी मैल, म्हणजे २,८०० किलोमीटरच्या आसपास. हवेतले तास अकरा-बारा. दिवस मात्र सहा लागले. का, ते पुढे येईलच.

फ्रेझरच्या दरीत लिटन गावावरून जाताना खाली बघा. २९ जून २०२१ला इथे ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं, कॅनडातलं आजवरचं सर्वाधिक. दुसऱ्याच दिवशी गाव जळालं. वरून रस्त्यांची आखणी दिसते, घरं मोजकीच.

प्रिन्स जॉर्जहून वॉटसन लेकला सरळ रेषेत का नाही गेलात? जवळ पडतं ना?

पडतं. त्या मार्गाला 'ट्रेंच' म्हणतात. रॉकी पर्वताला समांतर एक लांबलचक सरळ दरी आहे, तिच्यातून विलिस्टन तलावावरून थेट उत्तरेला जाता येतं आणि चांगला तासभर वाचतो. पण त्या पट्ट्यात हायवे नाही, वस्ती अगदी तुरळक, पेट्रोलचा भरवसा नाही. इंजिन बंद पडलं तर खाली झाडं किंवा पाणी, यातलं एक निवडायचं. एकच इंजिन, तेही मी स्वतः बसवलेलं. मी रस्त्याने गेलो.

हा रस्ता आणि त्याच्या कडेचे विमानतळ उगाच एकापाठोपाठ एक नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका रशियाला लढाऊ विमानं देत होती, ती याच धावपट्ट्यांवर उतरत-उतरत फेअरबँक्सला जायची आणि तिथून रशियन वैमानिक ती पुढे न्यायचे. जवळपास ८,००० विमानं अशी गेली. अमेरिकन सैन्याने १९४२ साली रस्ता काढला, तो बऱ्याच अंशी या विमानतळांना जोडण्यासाठी. रस्ता व्हायच्या आधी, जानेवारी १९४२मध्ये, तीन बी-२६ बाँबर फोर्ट नेल्सनच्या पुढे वाट चुकले आणि बर्फाने भरलेल्या एका दरीत पोटावर उतरले. माणसं वाचली. त्या दरीला पुढे 'मिलियन डॉलर व्हॅली' नाव पडलं. हे वाचलेलं असलं की रस्ता डाव्या खिडकीत दिसत राहावा असं फार वाटतं.

अशा विमानाला दुसऱ्या देशात परवानगी असते?

आपोआप नसते. सगळ्या प्रवासातला सगळ्यात कमी समजलेला भाग हाच आहे.

बोइंग किंवा सेसना सीमा ओलांडते तेव्हा तिचं उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र समोरचा देश मान्य करतो. १९४४च्या शिकागो करारात तशी तरतूद आहे. पण ती तरतूद आंतरराष्ट्रीय किमान निकषांवर तपासलेल्या विमानांसाठी. गॅरेजमधलं विमान त्या निकषांवर कुणी तपासलेलंच नसतं, त्यामुळे प्रत्येक देशाने वेगळं 'या' म्हणावं लागतं. अमेरिका-कॅनडाचं नातं जुनं असल्याने इथे सोपं आहे. अमेरिकन हौशी विमानांसाठी कॅनडाच्या परिवहन खात्याने एक सरसकट मान्यतापत्र काढून ठेवलंय. ते छापायचं, त्यातल्या अटी वाचायच्या आणि विमानात ठेवायचं. बाकीच्या देशांचा भाव वेगळा असतो, तिथे आधी लिहून विचारा.

आमच्या फाइलमध्ये आणखी काय होतं: नोंदणी, वजन-तोलाचा तक्ता, कॅनडा स्पष्ट लिहिलेली विम्याची पॉलिसी, विमानाच्या रेडिओचा परवाना आणि तो रेडिओ वापरण्याचा माझा परवाना. देशात उडताना हे दोन्ही कुणी विचारत नाही. सीमा ओलांडली की लागतात. दुसरा तर परीक्षा न देता आयुष्यभरासाठी मिळतो, तरी लोक नेमका तोच विसरतात. शिवाय अमेरिकन कस्टम्सचं वार्षिक स्टिकर, आणि माझं तृतीय श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. हल्ली अमेरिकेत त्याऐवजी 'बेसिकमेड' नावाची सुटसुटीत सोय आहे, पण परक्या देशासाठी मी तिच्यावर विसंबलो नाही.

मी एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर आहे, पासपोर्ट भारतीय. मला जमेल का?

विमान बांधायला कुणी अडवत नाही. पण अमेरिकेत ते स्वतःच्या नावावर नोंदवायला तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असावे लागता. वैमानिकाचं प्रशिक्षण घ्यायलाही परदेशी नागरिकाला आधी सुरक्षा खात्याची मंजुरी लागते. ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाला व्हिसा लागत नाही, एच-वन-बीवर असाल तर लागतो. आणि परत येताना तुमचा अमेरिकन व्हिसा शिक्क्यासकट जिवंत आहे ना, ते निघण्याआधी बघा. नॉर्थवेच्या धावपट्टीवर बघून उपयोग नाही.

कस्टम्स कसं होतं? विमानतळावरच्या रांगेसारखंच?

रांग नसते, पण घड्याळ असतं. अमेरिका सोडताना आणि परत शिरताना प्रवाशांची यादी ऑनलाइन भरायची, उड्डाणाच्या निदान ६० मिनिटं आधी. कॅनडात उतरण्यापूर्वी त्यांच्या सीमाखात्याला फोन करायचा, किमान दोन तास आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी. सीमा ओलांडताना उड्डाण-योजना दाखल केलेली हवी, आणि उतरल्यावर ती न विसरता बंद करायची. विसरलात तर शोध सुरू होतो.

ॲबट्सफर्डला आम्ही उतरलो, ठरलेल्या जागी थांबलो, वरचं काचेचं छत उघडून मी एकट्याने खाली उतरून फोन केला. पलीकडच्या बाईंनी चार प्रश्न विचारले, एक क्रमांक लिहून घ्यायला सांगितला आणि म्हणाल्या, झालं. कुणी आलंच नाही. ही विमानातच बसून होती, मांडीवर दोन पासपोर्ट उघडून, फोटोचं पान वर करून.

नॉर्थवेला उलट. तिथे अधिकारी हायवेवरच्या सीमाचौकीतून गाडी घेऊन येतो, म्हणून दिलेली वेळ पाळावी लागते. त्यात एक खोच आहे. कॅनडाच्या युकॉन प्रदेशाने (व्हाइटहॉर्स त्यातच येतं) २०२० साली घड्याळं मागेपुढे करणं बंद केलं आणि उन्हाळ्यात अलास्काचं घड्याळ त्याच्या एक तास मागे असतं. मी वेळ युकॉनची धरली आणि तासभर आधी पोचलो. उशिरा पोचण्यापेक्षा बरं म्हणायचं, पण वेळेच्या बाबतीत त्यांना लवकर आलेलंही फारसं आवडत नाही. तो उंच गृहस्थ विमानाभोवती एक फेरी मारून आला, पंखावरच्या रिवेटवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सगळ्या तुम्हीच?" मग मेतकुटाची पुडी उघडून वास घेतला. परत देताना काही म्हणाला नाही.

खायला काय नेलंत?

हा प्रश्न हसत विचारला जातो, पण अलास्कात तो कायद्याचा आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे विमानात प्रत्येक माणसाला एक आठवडा जगवेल इतकं अन्न लागतं. सोबत कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, मासे पकडायचे गळ-दोरा, चाकू, आग पेटवायचं साधन, इशाऱ्याची दोन साधनं आणि माणशी एक डासांची जाळी. हिवाळ्यात बर्फात चालायचे बूट, स्लीपिंग बॅग आणि लोकरी घोंगडीही.

आता आमच्या विमानात प्रत्येक पौंड मोजून चढतो. हिने आठवड्याचं अन्न शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळ्या आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा यांत बसवलं. गूळ, तूप, शेंगदाणा: कमी वजनात जास्त उष्मांक, पंधरा दिवस टिकणारं, पाणी न लागणारं. वारीला निघालेल्या आजीने याहून वेगळं काही बांधलं नसतं. नियम असा, की ते फक्त संकटातच खायचं. फोर्ट नेल्सनपर्यंत चिक्की संपली होती आणि ती व्हाइटहॉर्सच्या दुकानातून सुक्या मेव्याने भरून काढावी लागली.

अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा मात्र केबिनमध्ये घेऊ नका. हवेत डबा फुटला तर वैमानिक आंधळा होतो. आम्ही तो अलास्कात पोचल्यावर विकत घेतला आणि निघताना देऊन टाकला.

पेट्रोल पुरतं का?

दोन टाक्या मिळून ३६ गॅलन, तासाला साधारण आठ गॅलन. म्हणजे चार-साडेचार तास, त्यातला शेवटचा तास मी नसल्यासारखाच धरतो. मोठ्या थांब्यांवर विमानाचं पेट्रोल मिळतं, तरी प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशी फोन करा. पंप बिघडलेला असणं, टँकर न आलेला असणं तिकडे रोजचंच.

कॅनडात ते लिटरने मिळतं. गणित सोपं आहे, म्हणूनच चुकतं. जुलै १९८३मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७मध्ये पौंड-किलोच्या गोंधळातून इंधन कमी भरलं गेलं, ते हवेतच संपलं आणि विमान गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवावं लागलं. ती माणसं व्यावसायिक होती. मी दर वेळी टाकीत मोजपट्टी बुडवून बघतो.

हवामान खराब झालं तर?

बसायचं. सहा दिवस लागले ते यामुळेच.

आमचं उड्डाण नजरेवर चालतं. ढगात शिरायचं नाही. प्रिन्स जॉर्जला दीड दिवस पावसाने बसवलं. फोर्ट नेल्सनला वणव्याच्या धुराने. त्याच मे महिन्यात वणव्यामुळे ते आख्खं गाव रिकामं करावं लागलं होतं, लोक नुकतेच परतले होते. मोटेलची बाई आम्हाला धुराबद्दल सांगताना खिडकीकडे बघतसुद्धा नव्हती, वासावरून सांगत होती.

हवामानाचे अहवाल वाचा, पण त्याहून कॅमेरे बघा. अलास्कात आणि कॅनडात डोंगरांतल्या खिंडींवर विमानवाल्यांसाठी कॅमेरे लावलेत. स्वच्छ दिवसाचा फोटो एका बाजूला आणि आत्ताचा दुसऱ्या बाजूला. स्वच्छ फोटोतला डोंगर आत्ताच्या फोटोत सापडला नाही, तर चहा मागवायचा. आमचा ठराव होता की दोघांपैकी एकालाही जाऊ नये वाटलं तर जायचं नाही, कारण विचारायचं नाही. तो अधिकार हिने दोनदा वापरला, मी एकदा. हिच्या दुसऱ्या नकाराच्या वेळी आभाळ निळंशार होतं आणि मी तोंड पाडून बसलो. तासाभराने कॅमेऱ्यातली खिंड पांढरी झाली. त्यावर ही काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

जूनमध्ये तिकडे अंधार पडत नाही हे सोयीचं वाटतं, पण जपून. रात्री दहालाही ऊन असतं आणि 'अजून एक टप्पा मारू' असं वाटत राहतं. सूर्य दमत नाही, वैमानिक दमतो.

वाटेत काही बिघडलं का?

हो, आणि दोष माझाच. फोर्ट नेल्सनहून निघून लिआर्ड नदीच्या आसपास होतो तेव्हा व्होल्टमीटर १४.१वरून १२.३वर आला. म्हणजे अल्टरनेटर वीज देईनासा झाला. इंजिनाला त्याने फरक पडत नाही, त्याच्या ठिणगीची सोय मॅग्नेटो स्वतंत्रपणे करतात. पण रेडिओ आणि समोरचे स्क्रीन बॅटरीवर आले. जे बंद करता येईल ते बंद केलं, कागदी नकाशा हिच्या मांडीवर दिला आणि वॉटसन लेकला उतरलो.

आमच्या इंजिनाचं झाकण बिजागरीसारख्या लांब तारांवर बसतं. त्या ओढून काढल्या, टॉर्च मारला. अल्टरनेटरला जाणाऱ्या बारीक वायरचा कनेक्टर नेमका दाबलेल्या जागी तुटून लोंबत होता. पक्कडीने तो मीच दाबला होता, २०१९च्या हिवाळ्यात, बहुधा गार पडलेल्या बोटांनी. नवा कनेक्टर लावायला दहा मिनिटं लागली. बाकीचे दोन तास डासांचे. जाळी कायद्यात का आहे ते तिथे कळलं.

कारखान्यातलं विमान असतं तर परवानाधारक मेकॅनिकची वाट बघावी लागली असती. अमेरिकन नियमांत हौशी विमानाची दुरुस्ती मालक स्वतः करू शकतो. वार्षिक तपासणीसाठी तेवढं वेगळं प्रमाणपत्र लागतं, तेही बांधणाऱ्याला मिळतं.

विमानात बाथरूम असतं का?

नाही. अडीच तासांहून मोठा टप्पा घ्यायचा नाही आणि सकाळी चहा अर्धा कप. पुढचा प्रश्न.

खर्च किती आला?

जाऊन-येऊन आणि तिथे थोडं फिरून २५ तासांच्या आसपास उड्डाण झालं. पेट्रोलला साधारण १,६०० डॉलर. त्याहून जास्त मोटेलांना, कारण बसून राहणं फुकट नसतं. परत आल्यावर काही आठवड्यांनी कॅनडाच्या हवाई वाहतूक सेवेचं बिल पोस्टाने आलं. लहान विमानाला ते तिमाहीचं ठरावीक आणि किरकोळ असतं. विमान बांधायला किती लागले हा आकडा आमच्या घरात उच्चारला जात नाही.

हे विमान घेऊन भारतात याल का?

इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या तर अशी विमानं महासागर ओलांडतात. जॉन जोहान्सन या ऑस्ट्रेलियन माणसाने स्वतः बांधलेल्या आरव्ही-४मधून एकाहून जास्त वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. डिसेंबर २००३मध्ये तो दक्षिण ध्रुवावरून जाऊन अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोला उतरला आणि अमेरिकन आणि न्यूझीलंडच्या तळांनी त्याला पेट्रोल द्यायला नकार दिला. शेवटी पॉली व्हेचर या ब्रिटिश वैमानिक बाईंनी स्वतःसाठी तिथे ठेवलेल्या साठ्यातून त्याची सुटका झाली. बोरिवलीच्या आरोही पंडितने २०१९ साली छोट्या सायनस विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, पण ते कारखान्यात बनलेलं होतं. केरळच्या अशोक तामराक्षन यांनी मात्र लॉकडाउनमध्ये इंग्लंडमध्ये किटमधून चार आसनी विमान बांधलं आणि कुटुंबाला युरोपभर फिरवलं.

भारतात हौशी विमानांची वाट अजून अरुंद आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तुम्हाला माहीतच असतील. २०१६ साली 'मेक इन इंडिया'त सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले, नोंदणी मिळायला २०१७चा नोव्हेंबर उजाडला. माझ्या गॅरेजपासून धावपट्टी वीस मिनिटांवर होती. त्यांना ते गच्चीवरून क्रेनने उतरवावं लागलं. आम्ही सांगलीला एअर इंडियाने जातो, मुंबईपर्यंत.

वॉटसन लेकला पाटी लावलीत का?

हो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४२ साली रस्त्याच्या कामावरच्या एका सैनिकाला घरची आठवण आली आणि त्याने आपल्या गावाच्या नावाची, अंतराची पाटी तिथे ठोकली. मग येणारा-जाणारा ठोकत गेला. आता तिथे पाट्यांचं जंगलच आहे, ८०,०००च्या वर.

आम्ही पाटी आणली नव्हती. पण दुरुस्तीच्या पेटीत पंखातून उरलेल्या ॲल्युमिनियमचा वीतभर तुकडा होता. हिने सेंटर पंच आणि लहान हातोडी घेतली आणि मोटेलच्या पायरीवर बसून टिंब-टिंब करत 'सांगली' उमटवलं. अक्षरं आधी, शिरोरेषा शेवटी, पाचवीतल्या बाईंनी शिकवल्यासारखी. खाली अंतर हवं होतं. टॅबलेटवर काढलं तर सुमारे ११,२०० किलोमीटर आलं.

भांडण बाणावरून झालं. हिच्या मते भारत दक्षिणेला, खाली. मी म्हटलं पृथ्वी गोल आहे, जवळची वाट उत्तर ध्रुवाकडून जाते. टॅबलेटने दिशा दाखवली ३३७ अंश, म्हणजे जवळजवळ उत्तरच. तरी हिला ते पटेना. शेवटी माझी साखरेची वाटी आणि दोऱ्याचं प्रात्यक्षिक झालं आणि खिळे ठोकले ते बाण उत्तरेकडे करूनच.

शेजारी अल्बर्टाचे एक आजोबा आपली पाटी लावत होते. हे कुठलं गाव, त्यांनी विचारलं. इंडिया, मी म्हटलं. त्यांनी बाणाकडे बघितलं, मग उत्तरेच्या डोंगरांकडे, मग आमच्याकडे, आणि काही न बोलता आपल्या पाटीचे खिळे ठोकू लागले.